नोलन यांच्या दारावरची पाटी

१

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात यशोधरानं ज्या घराची बेल वाजवली, त्या घराचं दार एका म्हातारीनं उघडलं. यशोधरा हसून म्हणाली, "मी आले. मिस्टर नोलन आहेत का?"

म्हातारी या घरात चाळीस वर्षं राहत होती. नोलन नावाचं तिथं कुणी नव्हतं, आणि खोली भाड्यानं द्यायचं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बाहेर थंडी होती म्हणून बिचारीनं तिला आत घेतलं, चहा पाजला, आणि मग तिच्या दोन बॅगांकडं बघत बसली.

यशोधरानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा जुन्नरात संध्याकाळचे सहा वाजले होते. माझी आठ महिन्यांची लेक मांडीवर दूध पीत होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला तसं तिनं पिणं सोडून माझ्याकडं पाहिलं.

यशोधरा खोडदची, मी जुन्नरची. ओतूरच्या कॉलेजात तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ती पुढं शहरातल्या वसतिगृहात राहून शिकत गेली, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून जानेवारीत आयर्लंडला निघाली. मी एका वकिलांच्या ऑफिसात चार वर्षं जमिनी आणि घरांचे कागद तपासले, मग लग्न, मग ही.

"यशू, डिपॉझिट किती गेलं?" मी विचारलं.

"एक रुपया नाही. ते म्हणाले होते, आल्यावर बघू."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही ग फरहा. त्यांनी माझं काहीच घेतलं नाही. फक्त घर नाही."

शुक्रवारपर्यंत तिला कॉलेजात राहण्याचा पक्का पत्ता लिहून द्यायचा होता. तोवर कुणाच्या तरी हॉलमधला सोफा होता. शुक्रवार चार दिवसांवर. पत्ता नसेल तर परतीचा रस्ता.

शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, घर खरं आहे?"

हो. मीच म्हणाले होते. नोलननं घराचा फोटो पाठवला होता, दाराशेजारी 'पी. नोलन' अशी काळ्या दगडाची पाटी. सोबत त्याच पत्त्याचं, त्याच नावाचं लाईटबिल. मी दोन्ही ताडून पाहिलं आणि सांगितलं, जा बिनधास्त.

२

यशोधरानं नोलनच्या सगळ्या ईमेल मला पाठवल्या. दोन महिन्यांत एकसष्ट. लेक झोपल्यावर मी त्या वाचायला बसले. चोराच्या असून त्यांत केवढी माया. 'आतून घालायचे गरम कपडे आण, दोन जोड पुरत नाहीत.' 'परीक्षा झाली का?' 'आज जेवलीस का?' यशोधरा त्याला नोलन अंकल म्हणू लागली होती.

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. झुबेदाबी नाव, पण अख्खी गल्ली त्यांना अम्मीच म्हणते. त्या म्हणाल्या, "वाच तर मोठ्यानं. भाडेकरू ठेवायच्या आधी त्यानं विचारलं काय?"

मी वाचलं. घरात कोण कोण असतं? गावाकडचे पाहुणे येऊन राहणार का? रात्री किती वाजेपर्यंत घरी येणार? स्वयंपाकाला वास फार येतो का?

अम्मी खो खो हसल्या. "या अल्ला! हा कसला गोरा, हा तर आपल्या गल्लीतला घरमालक!"

त्या हसून तांदळाकडं वळल्या, मला मात्र हसू आलं नाही. कामाधंद्याचा कागद नाही, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी नाही, विचारलं ते फक्त पाहुण्यांबद्दल.

लेकीच्या लसीच्या कार्डामागं मी प्रत्येक ईमेलची वेळ लिहून काढली, आपल्या घड्याळाप्रमाणं. आणि एक गंमत दिसली. एक आठवडा सगळ्या ईमेल सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या आतल्या. पुढचा आठवडा सगळ्या रात्री दहा ते पहाटे सहाच्या. परत दिवसा, परत रात्री. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस एकही नाही. पुढच्या ईमेलमध्ये नोलन म्हणतो, तब्येत बरी नव्हती.

पैसे न घेणारा चोर. मग त्याला हवं काय होतं? यशोधरा उघड्यावर पडण्यात कुणाचा फायदा होता?

तिला आता तिघंजण मदत करायला पुढं आले होते. ओतूरला परदेशी शिक्षणाचं ऑफिस चालवणारे भरतभाऊ म्हणत होते, आमच्या ओळखीच्या हॉस्टेलात जा. तिचा थोरला भाऊ रवीदादा म्हणत होता, परत ये, तिकीट मी काढून ठेवलंय. आणि लिमरिकमध्ये गोदामात काम करणारा माझा मामेभाऊ कैफ म्हणत होता, दोन नर्स मुलींच्या घरात एक खोली रिकामी आहे.

तिघांपैकी एकाच्या शब्दावर तिला शुक्रवारच्या आत पाऊल टाकायचं होतं. आणि नोलन या तिघांतलाच एक असला तर?

लसीच्या कार्डाकडं बघता बघता मी पेन खाली ठेवलं. कैफची पाळी दर आठवड्याला बदलते. एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची.

३

"कैफ, नोव्हेंबरात मी तुला ते घर बघून यायला सांगितलं होतं. तू म्हणालास, बघितलं, मस्त आहे."

व्हिडिओवर त्याचा चेहरा उतरला. "आपा, मी गेलोच नव्हतो. सुट्टी एकच असते, कपडे धुण्यातच जाते. मोबाईलवर नकाशात बघितलं, घर होतं तिथं. म्हटलं झालं."

"झालं?"

"चुकलो ना आपा."

"नोलन तू आहेस का?"

त्यानं मोबाईल भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "लहानपणी तुझ्या डब्यातला खिमा चोरला तेव्हा पण मी लगेच कबूल केलं होतं. हे विचारायच्या आधी एक थोबाडीत दिली असतीस तरी चाललं असतं."

मी लसीचं कार्ड उलटं ठेवलं. शेवटी त्यानंच विचारलं, "फोटो कुठला आहे, दाखव तरी."

मी पाठवला. क्षणभर बघून तो हसायलाच लागला.

"ही पाटी कुणी लावली? इथं आमच्या भागात दारावर नुसता नंबर असतो. दोन वर्षांत एका घरावर मालकाचं नाव नाही बघितलं मी. आणि हे काय, लाईटबिल मालकाच्या नावावर? भाड्याच्या घरात जो राहतो त्याच्या नावानं येतं बिल. आमच्या घराचं माझ्या नावानं येतं. बघ."

त्यानं भिंतीवरचं बिल काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. कैफ निजाम अत्तार.

मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. तोंडानं मागायला हवी होती. तिथं दोन वर्षं राहिलेला माणूस अशी पाटी कधीच चिकटवणार नाही. आपल्याकडं भाडेकरू बदलतात, मीटर मालकाच्या नावावरच राहतो, म्हणून आपण लाईटबिल मागतो. गेट तिथं पाटी, म्हणून आपण पाटी वाचतो. नोलननं ही दोन्ही कुणी न मागता पाठवली होती. जुन्नरच्या वकिलाकडं काम केलेल्या बाईचा विश्वास कशावर बसतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

तो पुरावा यशोधरासाठी नव्हता. माझ्यासाठी बनवला होता.

४

मंगळवारी लेकीला कडेवर घेऊन मी ओतूरच्या एसटीत बसले. भरतभाऊंचं ऑफिस स्टँडसमोर, मिठाईच्या दुकानावर.

"या या ताई. बाळाला चॉकलेट देऊ?"

"आधी तिला दात येऊ द्या, भाऊ. नोलनबद्दल विचारायला आले."

त्यांचा आवाज चढला. "मला काय विचारता? मी घसा फोडून सांगितलं होतं तुमच्या मैत्रिणीला. मालक तपास. तिकडं भाड्याची घरं सरकारी नोंदीत असतात, त्याला नोंद विचार. व्हिडिओवर घर आतून दाखवायला सांग, नुसतं दार नको. कॉलेजच्या राहण्याच्या विभागाला पत्ता कळव. ऐकलं कुणी? तिचा भाऊ मलाच म्हणाला, आमच्या फरहाताईनं बघितलंय, तुमी गप बसा."

"तुमच्या हॉस्टेलात ती गेली तर तुम्हाला काही मिळतं ना?"

"मिळतं. चोरून घेत नाही, बोर्डावर लिहिलंय." मग ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "आणि ताई, मी फसवायला बसलो असतो तर असं फुकटात फसवलं असतं का? धंदा करतो राव मी!"

मी उठता उठता त्यांच्या मागच्या भिंतीकडं पाहिलं. त्यांनी पाठवलेल्या पोरापोरींचे तिकडून आलेले फोटो. जाकिटं, टोप्या, प्रत्येकजण आपापल्या नव्या दाराशी उभा. चौदा. बावीस बी. एकशे सात. एकाही दारावर नाव नव्हतं. हा माणूस ही भिंत पाठीशी घेऊन रोज आठ तास बसत होता. खोटं दार बनवायचं असतं तर त्याला खऱ्या दारांचे नमुने कमी नव्हते.

परतीच्या एसटीत लेक खिडकीच्या गजाला धरून बडबडत होती. मी तिच्या केसांत नाक खुपसून बसले. दोन नावं गळून पडली होती. तिसरं नाव मला मनातही आणायचं नव्हतं. ज्या हातावर मी राखी बांधली होती, त्या हाताचं ते नाव होतं.

५

बुधवारी नारायणगाववरून खोडदला गेले. यशोधराच्या आईला धीर द्यायला, असं अम्मींना सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

शकुबाई मावशी ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. पलीकडं शेतांवरून दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या. मावशींनी लेकीला ओढून घेतलं, तिचे मुके घेतले, आणि रडायला लागल्या.

"काय ग पोरी, माजी यशू रस्त्यावर झोपती का ग?"

"नाही मावशी. चांगल्या घरात आहे."

"रवी म्हंतो आनू परत. मी बी म्हनलं, आन. काय करायचं तसलं शिकून? बाप गेला तवा ह्यानं कॉलेज सोडलं, जमीन सांभाळली. ती शिकली. लोक म्हंत्यात यशूनं नाव काढलं. ह्याचं नाव कोन घेतंय?"

"दादा कुठंय?"

"मोटरीवर. ह्या आठवड्यात दिसाची लाईट हाय ना. मागल्या आठवड्यात रातची व्हती. उसात बिबट्या हाय, म्हनून पोरगं मोटरीच्या खोलीत दार लावून बसायचं. येकटंच. मोबाईल बघत."

लेक मावशींच्या बांगड्यांशी खेळत होती. मी लसीचं कार्ड पर्समधून काढलं, आणि हात तिथंच थांबला.

भिंतीवर कॅलेंडर होतं. प्रत्येक आठवड्यावर निळ्या पेनानं एक अक्षर: 'दि', 'रा', 'दि', 'रा'. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. अक्षर रवीदादाचं. त्याच खिळ्याला खाली गेल्या वर्षीचंही टांगलेलं होतं; मी त्यातला डिसेंबर काढला आणि कार्ड शेजारी धरलं. नोलनच्या दिवसाच्या ईमेल 'दि'खाली. रात्रीच्या 'रा'खाली. एक आठवडाही चुकला नव्हता. आणि दुसऱ्या आठवड्यात पाच चौकोनांवर आडवी रेघ.

"मावशी, ही रेघ कसली?"

"ती व्हय? लाईटीचा डीपी जळाला व्हता. पाच दिस लाईट न्हवती. रवी घरातच माज्या डोळ्यासमोर. कांदा करपला थोडा."

पाच दिवस नोलनची तब्येत बरी नव्हती.

६

मोटर चालू होती. कांद्याच्या वाफ्यात पाणी हळूहळू पसरत होतं. रवीदादानं मला बांधावरून येताना पाहिलं, फावडं टेकवलं.

"पिल्लू कुठंय?"

"मावशीकडं." मी कार्ड त्याच्या पुढं केलं. "दादा, नोलनला शेतीच्या लाईटची वेळ कशी माहीत?"

त्यानं कार्ड हातात घेतलं, उलटलं, बाळाचं वजन लिहिलेली बाजू वाचली. परत मागची बाजू. मग वाकून दुसऱ्या वाफ्याचं तोंड मोकळं केलं. पाणी वळलं.

"पाटी तूच बघशील म्हनून टाकली," तो म्हणाला. "आपल्या दारावरच्या पाटीचा फोटो घेतला, त्यावरचं नाव बदललं, नकाशातल्या घराच्या फोटोवर डकवला. बिल बी तसंच बदललं. मोबाईलवर व्हतं सगळं."

"का केलंस?"

"पैसा घेतला का मी तिचा? विचार तिला."

"म्हणूनच तर कळलं. पैसे घेतले असतेस तर मी भरतभाऊंना धरलं असतं."

तो मोटरीच्या खोलीच्या पायरीवर बसला. "मला वाटलं, जाईल, दार लागलं दिसंल, चार दिसांत परत यील. हितं कुटंतरी नोकरी करंल. येवढंच."

"एवढंच?"

"तुला काय कळायचं फरहा. रातच्याला पानी भरताना बाजूला उसात कायतरी हललं की मी ह्या खोलीत घुसायचो. हितं बसून तिला लिवायचो. इंग्रजी चुकंल म्हनून धा येळा बघायचो. ती नोलनला काय काय सांगायची! दादा म्हनून मला कंदी चार वाक्यं बोलली न्हाई." तो थांबला. "येकदा लिवलं तिनं. माजा दादा माज्यापेक्षा हुशार हाय, त्याला शिकायला मिळालं न्हाई, त्याचं मला लई वाईट वाटतं."

"मग ते वाचून तरी थांबायचं होतंस."

"ते वाचून जास्त राग आला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "आईला सांगू नको. यशूला बी."

"ती अनोळखी देशात कुणाच्या सोफ्यावर झोपलीय दादा. उद्या तिकीट पाठवणाऱ्यावर तिनं विश्वास ठेवायचा का नाही, हे तिला कळायला नको?"

"मंग सांग. सांगून टाक." तो उठला, फावडं उचललं. "तुला काय, तुज्या घरात तूच शिकलेली हायेस."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. माझी पदवी कपाटात आहे आणि चार वर्षांचा अनुभव लसीच्या कार्डामागं, हे सांगायचं होतं. पण पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं होतं आणि तो तिकडं निघाला होता.

७

गुरुवारी दुपारी लेक झोपल्यावर मी यशोधराला फोन केला.

"कैफनं सांगितलेली खोली बघून आलीस?"

"आले. दोघी मलयाळी आहेत, गोड आहेत. भरतभाऊंनी सांगितलेलं सगळं विचारलं या वेळी. मालकीणबाई स्वतः भेटल्या, भाडेकराराच्या नोंदीचा कागद दाखवला, तो कॉलेजातल्या बाईंनी तपासून ठीक म्हणून सांगितला. बिल त्या नर्सेसच्या नावावर येतं, मालकिणीच्या नाही." ती थोडं हसली. "शिकले ना मी?"

"घे ती खोली."

"दादा तिकिटाचं म्हणतोय. कालपासून फोन उचलत नाहीये. फरहा, एक वेड्यासारखं बोलू? तो नोलन कुणी का असेना, मला त्याची आठवण येते. रोज विचारायचा, जेवलीस का. घरातून दोन महिन्यांत एकदा तरी कुणी विचारलं असेल तर शपथ."

मी डोळे मिटले. मग तिला सांगितलं. पाटी, लाईटबिल, कॅलेंडर, डीपी. सगळं एका दमात, मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. मोटरीच्या खोलीतलं सांगितलं. त्यानं सांगितलेलं शेवटचंही सांगितलं, राग आल्याचं.

पलीकडं तिच्यामागं कुणीतरी भांडी सारल्याचा आवाज आला.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू. तिला तो एकटाच आहे आता."

"यशू, रडून घे ग."

"उद्या. आधी कॉलेजचा फॉर्म भरते. तो आज भरला नाही तर उद्या मीच परत यायचं म्हणेन." कागद उलटल्याचा आवाज आला. "पत्ता लिहिला. खाली एक रकाना आहे. काही झालं तर घरच्यांपैकी कुणाला कळवायचं? इथं दादाचं नाव आधीच लिहिलंय. निघताना त्याच्यासमोरच लिहिलं होतं मी, आणि त्यानं स्वतः नंबर नीट तपासला होता."

मला तिच्या पेनाची टकटक ऐकू आली.

"खोडते. तुझा नंबर टाकते."

"टाक."

"पुढं नातं विचारलंय."

"बहीण लिही."

"आडनाव जुळत नाही, फरहा."

"लिही तू," मी म्हणाले. "घराचे कागद तपासतात यशू. नात्याचे कुणी तपासत नाही."